‘घेई छंद’ दोनदा ऐका, मग ‘कट्यार’वरून भांडा

‘कट्यार काळजात घुसली’चा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. ‘सिनेमाने नाटकाची वाट लावली’ म्हणणारे एकीकडे, ‘सिनेमा आला नसता तर आमच्या पोरांनी नाट्यगीत ऐकलंच नसतं’ म्हणणारे दुसरीकडे. सगळा वाद मग सचिन पिळगावकर खाँसाहेब म्हणून शोभतात का, इथे येऊन अडकतो. खरा हिशेब गाण्याला मिळालेल्या वेळेचा आहे, तो कुणी मांडत नाही.

1967 च्या नाटकात पुरुषोत्तम दारव्हेकरांनी पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या घराण्यांचा, म्हणजे गाण्याच्या परंपरांचा, झगडा लिहिला आणि जितेंद्र अभिषेकींनी तो चालींमधून ऐकवला. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोनदा येतं. पंडितजींच्या गायकीतलं सालगवराळी रागात, संथ, शब्द जपत जाणारं. खाँसाहेबांचं धानी रागात, द्रुत, तानांनी, म्हणजे वेगवान सुरावटींनी, उसळणारं. शब्द तेच, त्यामुळे कानाला फरक फक्त गायकीचा लागतो. घराणं म्हणजे काय हे नवख्याला समजावायला याहून सोपी युक्ती नाही.

2015 च्या दिवाळीत आलेल्या सुबोध भावेंच्या सिनेमाने दोन्ही चाली ठेवल्या, शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या आवाजात. गायनात उणं काढायला जागा नाही. पण कॅमेऱ्याला एका जागी बसवत नाही. तो श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर फिरतो आणि तान कुठून उठली, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी आली हे निसटतं. त्यात पावणेतीन तासांच्या आत कथाही उरकायची, त्यामुळे विस्ताराला कात्री लागते. नाटकात पद रंगलं की कथा थांबते आणि कुणाचं काही बिघडत नाही.

आता सचिन. संवादात, नजरेत, मत्सराने आतून पोखरलेल्या माणसाच्या चालण्यात ते जबर आहेत. गाताना मात्र गडबड होते, आणि त्याचं कारण अभिनयापेक्षा शरीरात आहे. आकारातली, म्हणजे नुसत्या ‘आ’वरची, तान घेताना ओठ जवळजवळ हलतच नाहीत. काम पोट, गळा आणि जबडा करतात. तानेआधी श्वास भरलेला दिसतो, समेला हात पडतो. राहुल देशपांडेंच्या उसन्या आवाजावर हे सगळं मात्रेबरहुकूम साधणं महाकठीण. नाटकातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, रंगमंचावर स्वतःच गात होते, तिथे हा प्रश्नच नव्हता. सिनेमातले पंडितजी, शंकर महादेवन, पडद्यावर नवखे असूनही गाताना खरे वाटतात, तेही याचमुळे.

सिनेमाची मोठी चूक मला शेंदराची वाटते. (दहा वर्षं झाली, आता रहस्य कसलं!) पंडितजींचा आवाज शेंदराने जातो हे आधीच उघड दाखवल्यामुळे कोणती गायकी सरस, हा प्रश्नच बाजूला पडतो. उरतो तो अन्याय आणि त्याचा बदला. गल्ला भरायला हे बरं, पण खाँसाहेबांची उंची त्यात कमी होते.

तरी नाटकवाल्यांनी दोन ठिकाणी गप्प बसावं. एक, ‘यार इलाही’: ही कव्वाली नाटकात नाही, शंकर-एहसान-लॉय यांनी नव्याने बांधलेली, आणि कुणाच्या सावलीत न उभी राहता चालते. दुसरं, ‘सुरत पिया की’ची जुगलबंदी. राहुल देशपांडे आणि महेश काळे समोरासमोर गातात तेव्हा मघाचा फिरणारा कॅमेराही माफ. महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच सिनेमातल्या ‘अरुणी किरणी’साठी, पण माझं मत या जुगलबंदीला.

घरी बघणार असाल तर टीव्हीच्या स्पीकरवर विसंबू नका. तानपुरा त्यात बुडतो आणि सूर उघडा पडल्यासारखा लागतो. साधे हेडफोन लावा, आवाज ‘घुमवणारा’ मोड बंद ठेवा. त्याआधी वसंतरावांची ध्वनिमुद्रित ‘घेई छंद’ आणि ललत पंचम रागातलं ‘तेजोनिधी लोहगोल’ ऐकून घ्या.

नाटकाचा प्रयोग लागलाच, तर पहिल्या रांगेचा मोह टाळा. ऑर्गन आणि तबला तिथून फार जवळ असतात, गायकाचा आवाज त्यांच्याखाली दबतो. मधली सहावी ते दहावी रांग उत्तम. बाल्कनीत शब्द पुसट होतात, आणि या नाटकात शब्द गेले तर अर्धं घराणं गेलं. कॉलर माइक शेरवानीला घासून खरखरायला लागला तर मध्यंतरात व्यवस्थापकाला सांगा, पुढच्या अंकाआधी नीट करून देतात. वन्स मोअर किती मिळतील याचा नेम नसतो, तेव्हा जाहिरातीतल्या वेळेवर अर्धा तास धरूनच परतीची लोकल ठरवा.