सेन्सर चांगला, गोंद नाही : एप्रिल ते तान्हा पोळा

आज दुपारी लेकीचा फ्रॉक काढताना तिच्या दंडावरचा साखर मोजायचा सेन्सर बाहीला अडकून निघून आला. पाचवा दिवस. १४ दिवस चालायची वस्तू पाचव्या दिवशी माझ्या तळहातावर, आणि खालचा केसासारखा तंतू वाकलेला. निघालेला सेन्सर पुन्हा लावता येत नाही. रागातच लिहायला बसलोय.

सेन्सर काय करतो हे टाइप वन मधुमेह असलेल्या लेकरांच्या आईबापांना सांगायला नको; इतरांसाठी, तो अंगाला चिकटून राहतो आणि बोट न टोचता साखर सतत मोजतो. लेक सहा वर्षांची. मागच्या दिवाळीनंतर निदान झालं, दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं आहेत. एप्रिलपर्यंत आम्ही दिवसातून सात-आठ वेळा तिचं बोट टोचत होतो. बोटांची टोकं खरखरीत झाली होती आणि ग्लुकोमीटरची डबी दिसली की ती हात पाठीमागे लपवायची. म्हणून एप्रिलपासून दंडाच्या मागे लावायचा हा सेन्सर घेतला.

हिशोब मांडतो, कारण आमच्या घरात हिशोबाशिवाय काही होत नाही. एक सेन्सर मला पाच हजाराच्या आसपास पडतो. १४ दिवस टिकला तर दिवसाचे साधारण ३५७ रुपये. पाचव्या दिवशी पडला तर तोच दिवस हजाराला जातो. सेन्सर पडला म्हणून ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप थांबत नाहीत, त्यांचा खर्च वेगळा.

कंपनीला फोन केला. समोरच्याने खोक्यावरचा नंबर विचारला, फोटो मागवले, पडलेला सेन्सर जपून ठेवायला सांगितलं. तिसऱ्या फोनला उत्तर मिळालं की उपकरणात दोष नाही, घामाने निघाला असेल तर बदलून मिळणार नाही. मी म्हटलं, साहेब, मी नागपुरात राहतो. इथे २०१३ च्या २३ मे ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलंय. सहा वर्षांच्या लेकराला मे महिन्यात घाम येऊ नये अशी तुमची अपेक्षा आहे का? त्यावर ते पुन्हा नंबर विचारू लागले.

माझा सगळा राग त्या गोंदावर आहे. आतलं तंत्र इतकं बारीक की त्वचेखालच्या पाण्यातली साखर ते दर मिनिटाला मोजतं. आणि ते सगळं उभं कशावर, तर रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या चिकटपट्टीवर. ही पट्टी करताना विदर्भातला मे कोणी डोळ्यांपुढे आणलाच नसेल, असं मला राहून राहून वाटतं. आमच्याकडे दिवसरात्र कूलर चालतो. त्याची हवा गार असते पण ओलसर, अंग कधी पूर्ण कोरडं होतच नाही. बाहेर गेलं की घाम, घरात आलं की कूलरचा ओलावा. पट्टीची कड आधी पांढरी पडते, मग वळते, मग त्यात धूळ जाते. कड वळली की दोन दिवसांत सेन्सर जाणार.

एक कारण घरातच सापडलं. माझी आई लेकीला आंघोळीआधी खोबरेल तेल चोळते, अगदी बाळ असल्यापासून. सेन्सर आम्ही आंघोळीनंतर लावायचो, पण तेल साबणाने पूर्ण जात नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काहून बापा, तेलानं काय होते? लेकराची चामडी कोरडी पडून राहिली ना." तिला वाईट वाटलं हे दिसत होतं. शेवटी ठरलं की दोन्ही दंड सोडून बाकी अंगाला तेल लावायचं. आई आता तेल लावताना दंडावर स्वतःच्या हाताने रुमाल बांधते.

साठवणीचं तसंच. खोक्यावर छापलेलं कमाल तापमान आमच्या घरात मे महिन्यात रात्रीसुद्धा ओलांडलं जातं, मग कुरिअरच्या गाडीत काय होत असेल? तेव्हापासून सेन्सर कुरिअरने मागवत नाही. धंतोलीतल्या औषधाच्या दुकानातून संध्याकाळी जाऊन आणतो. दुकानदार इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवतो आणि सेन्सर एसीच्या खोलीत, हे आधी बघून घेतलं. चालू असलेलं इन्सुलिनचं पेन आम्ही छोट्या माठात ठेवतो: मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान माठ, वर झाकण. उन्हाळ्यात हे फार छान चालतं. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असल्यामुळे पाणी सुकत नाही आणि माठ गार होत नाही, हे लक्षात ठेवा.

इथपर्यंतचं मे अखेरीला लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी "घेऊ नका" असं लिहिणार होतो. पुढचं आता, तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा सण) झाल्यावर लिहितोय. मत बदललंय. गोंदाबद्दलचं नाही.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली. सेन्सरचा रीडर, म्हणजे साखरेचा आकडा आणि ती चढतेय की पडतेय हे बाणाने दाखवणारं छोटं यंत्र, वर्गशिक्षिकांकडे दिला आणि साखर ८० च्या खाली गेली की वाजेल असं लावून ठेवलं. दुसऱ्याच आठवड्यात खेळाच्या तासानंतर बाईंचा फोन आला. "भाऊ, ७६ दाखवून राहिलं आणि बाण सरळ खाली आहे. मी डबीतलं ग्लुकोज दिलं तिला. बसवून ठेवलं माझ्याजवळ." मी ऑफिसातून निघालो होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन, ९८ आणि बाण आडवा. त्या बाई मधुमेहातलं काही शिकलेल्या नाहीत. मी त्यांना एका कागदावर बाणांचे अर्थ लिहून दिले होते, एवढंच.

आकड्यापेक्षा बाण महत्त्वाचा आहे हे मला तेव्हा पटलं. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो आणि तो द्रव रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. साखर पडत असताना सेन्सरवर ७६ दिसत असेल तर रक्तात त्याहून कमी असू शकते. ग्लुकोमीटरवर नुसता ७६ बघून आम्ही "ठीक आहे, जेवायची वेळ झालीच आहे" म्हणून सोडून दिलं असतं. किती वेळा सोडलं असेल, हा विचार मी करत नाही.

दुसरी गोष्ट रविवारच्या पोह्यांची. आमच्याकडे रविवारी पोहे होणारच, लेकीला तर्री नको, नुसते पोहे आणि वर शेव. खाल्ल्यावर साखर २८० ला जायची आणि आम्ही पोह्यांना दोष देत होतो. बायको तर पोहे बंदच करायच्या विचारात होती. रीडरवरच्या साखरेच्या आलेखात दिसलं की खाल्ल्यापासून तासाभरात चढ येतो आणि मग साखर आपोआप खाली येते. म्हणजे इन्सुलिनचं प्रमाण बरोबर होतं, वेळ चुकत होती. ताट वाढलं की सुई, असं आमचं चालायचं. डॉक्टरांना आलेख दाखवला, त्यांनी पंधरा मिनिटं आधी सुई द्यायला सांगितलं. आधी दिली आणि पोरीने खाल्लंच नाही तर, ही भीती प्रत्येक आईबापाला असते, आम्हालाही होती. पण बाण समोर दिसतो म्हणून हिंमत केली. आता चढ २०० च्या आसपास थांबतो. पोहे चालू आहेत.

रात्रीचं मात्र सांभाळून घ्या. ती डाव्या कुशीवर झोपते. सेन्सर डाव्या दंडावर असला की अडीच-तीनला रीडर वाजतो, ५८. पहिल्या वेळी झोपेतच तिच्या तोंडात ग्लुकोज घालायला निघालो होतो. बायकोने आधी बोट टोचलं तर १२१. सेन्सरवर अंगाचा भार पडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलली की थोड्या वेळात वर येतो. आता आधी कूस बदलतो आणि बोट टोचतो. ग्लुकोमीटर हाताशी आहे म्हणून हे जमतं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, ते आठवत असेल. हवामान खात्याने नंतर सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. यंत्राचा आकडा आणि समोरचं लेकरू जुळत नसेल तर आम्ही लेकराकडे बघतो. म्हणून सेन्सर घेतला तरी स्ट्रिप बंद करू नका.

आता पुन्हा गोंद. पाच महिन्यांत १५ सेन्सर लागले. सहा मुदतीआधी पडले, त्यातले चार मे आणि जूनमधले. दोन बदलून मिळाले, चारांचे पैसे गेले. वीस हजार रुपये. त्या पैशात माझ्या लेकीची कितीतरी महिन्यांची इन्सुलिन आली असती, हे मी विसरू शकत नाही.

जुलैपासून काय केलं ते सांगतो. दंड साध्या साबणाने धुतो आणि आंघोळीनंतर दोन तास थांबतो. कूलर बंद करून नुसता पंखा लावतो, स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू देतो. मग सेन्सर लावून वरून तळहात एक मिनिट दाबून धरतो. खेळाच्या सामानाच्या दुकानात स्नायूंना लावायची ताणणारी पट्टी मिळते, ती गोल कापतो, मध्ये भोक ठेवतो आणि सेन्सरभोवती बसवतो. कोपरे ठेवायचे नाहीत, कोपऱ्यापासूनच पट्टी सुटते. काढताना आईचंच खोबरेल तेल कडेने सोडतो, दहा मिनिटांत गोंद ढिला होतो आणि लेक रडत नाही. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर, नाहीतर चामडीवर लाल चट्टे येतात.

हे सगळं कंपनीने खोक्यातच द्यायला हवं. एक जादा पट्टी द्यायला किती खर्च येतो? विकत घेणाऱ्याने दुकानं धुंडाळून, वीस हजार घालवून हे शिकायचं, याचा मला अजून राग येतो.

तान्ह्या पोळ्याला सेन्सर तेराव्या दिवशी होता. लेक लाकडी बैल घेऊन गल्लीत घरोघर फिरली, बोजारा, म्हणजे लेकरांना मिळणारा खाऊ आणि पैसे, गोळा केला. मध्ये पाऊस आला, ती भिजली, मग घामाघूम झाली. घरी येऊन बोजारा चटईवर ओतला: चॉकलेटं, चिवडा, दहाच्या नोटा. स्वतःच रीडर दंडाला लावला आणि म्हणाली, "बाबा, १४२, बाण आडवा. एक चॉकलेट आत्ता, बाकीची डब्यात." पट्टीची एक कड ओली होती, सुटलेली नव्हती.

पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावायचाय. दंड आत्ताच धुऊन घेतलाय, दोन तास थांबायचंय.