ब्रेक गेले: विमान पुन्हा उचलायचं की घरंगळू द्यायचं?

माझा पेडण्याचा भाचा नुकताच विमान चालवायला शिकू लागलाय. परवा चहा पिताना त्याने विचारलं, "मामा, चाकं टेकली आणि ब्रेक लागलेच नाहीत, तर?" उत्तरं दोनच: पुन्हा उडायचं, नाहीतर विमान जाऊ द्यायचं पुढे.

आधी आकडे. सेस्ना 172 एस या छोट्या विमानाच्या पुस्तकात समुद्रसपाटीला, वारा नसताना, टेकल्यानंतरची धाव सुमारे 175 मीटर दिलीय, पण ती जोरात ब्रेक दाबून. उड्डाणाआधीची धाव सुमारे 290 मीटर. दाबोळी आणि मोपा विमानतळांची धावपट्टी प्रत्येकी तीन किलोमीटरहून लांब. म्हणजे गोव्यात वेळेवर टेकलात तर पुन्हा उडायचं कारणच नाही. उडालात तरी ब्रेक नसलेलं तेच विमान परत उतरवायचंय.

जमिनीवर राहायचं ठरलं की थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे, योक (विमानाचं स्टिअरिंग) पोटाशी आणि नाक जमेल तितका वेळ वर. वाऱ्याचा अडसर हाच आता ब्रेक. एरवी आखूड पट्टीवर आपण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) लगेच वर घेतो, चाकांवर वजन यावं म्हणून. इथे ते खालीच राहू देत. ब्रेकचं पेडल दोन-तीनदा मारून बघा. तेलाच्या नळीत हवा शिरली असेल तर दाब येतो कधीकधी. सेस्नाच्या पार्किंग ब्रेकच्या भरवशावर राहू नका, तो पेडलच्याच सिलिंडरांवर चालतो. बऱ्याच पायपर विमानांत हाताचा ब्रेक असतो, त्याचा सिलिंडर वेगळा. तो ओढून बघायला हरकत नाही. तरीही वेग उरला तर मिक्स्चर (इंजिनाचं इंधन) बंद करा, इंजिनाचा उरलासुरला रेटा जातो.

पुन्हा उडणं शहाणपणाचं कधी? पट्टी आखूड आहे, उशिरा टेकलात आणि वेग अजून उडण्याइतका आहे, तेव्हा. पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप 20 अंशांवर, आणि मग दाबोळी किंवा मोपाकडे. पण वेग 35 नॉटच्या (ताशी सुमारे 65 किलोमीटरच्या) खाली आला आणि शेवट जवळ दिसतोय, तर उडायचं नाव काढू नका. बाजूच्या गवतात शिरा. 60 नॉटला जेवढी ऊर्जा असते तिचा नववा हिस्सा 20 नॉटला. कुंपणाला हळू लागलेलं विमान दुरुस्त होतं. माझ्या मते सगळ्यात वाईट म्हणजे अर्ध्या मनाने उचललेलं विमान.

एकच ब्रेक गेला असेल तर दुसरा दाबायचा मोह आवरा, विमान त्या बाजूला गर्रकन वळतं. 172 चं नाकाचं चाक पेडलला जोडलेलं असतं, पायाने वळवता येतं, तेव्हा निभावून जातं. डायमंड डीए40 चं नाकाचं चाक मोकळं फिरतं. वेग उतरून रडरचा (शेपटीवरच्या सुकाणूचा) जोर गेला की दिशा ब्रेकच्याच हाती. तिथे मी लांब आणि रुंद धावपट्टीच मागेन.

हे हवेतच कळलं तर उत्तम. उतरण्याआधी पेडल दाबून बघण्याची सवय मला एकदा कामी आली. डावं पेडल लोण्यात रुतावं तसं खाली गेलं. खाली आल्यावर टायरच्या आतल्या अंगाला लाल तेलाची बारीक रेघ दिसली. अशा वेळी टॉवरला आधीच सांगायचं, लाजायचं नाही. दाबोळी नौदलाची आणि मोपा प्रवाशांची म्हणून संकोच नको. अग्निशमनाची गाडी दोन्हीकडे असते. दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम, त्यामुळे वाऱ्यासाठी एकीवर दुसरी भारी पडत नाही. समोरून 10 नॉट वारा असेल तर 50 ऐवजी जमिनीवरचा वेग 40 च, आणि ऊर्जा दोन-तृतीयांशाहून कमी. पाठीवर घेतलात तर तीच जवळपास दीडपट.

आणि थांबल्यावर विमान जमिनीवर चालवत ॲप्रनपर्यंत (विमानं उभी करायच्या जागेपर्यंत) जायचं नाही. मी गेलो होतो. थोडासा उतार, विमान मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतंय, मी आत पेडल मारतोय. शेवटी इंजिन बंद केलं, पंखा थांबला, तेव्हा कुठे एक मेकॅनिक चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायला धावला.