बाखच्या इन्व्हेन्शन्स : फुकट पीडीएफ, निळं हेन्ले की आल्फ्रेड?

पियानो शिकणारा माणूस कधी ना कधी बाख या जर्मन संगीतकाराच्या इन्व्हेन्शन्सपाशी (दोन हातांत दोन स्वतंत्र सुरावटी चालणाऱ्या छोट्या रचना) येतोच, आणि मग नोटेशन कुठलं घ्यायचं हा घोळ सुरू होतो. मी तीन प्रकार वापरलेत. नेटवरची फुकट पीडीएफ, हेन्ले कंपनीचं निळं पुस्तक आणि आल्फ्रेड कंपनीचं, विलर्ड पामरनी संपादित केलेलं. वापरताना जे जाणवलं तेवढंच सांगतो, बाकी ज्याचा त्याचा हात आणि ज्याचा त्याचा खिसा.

फुकटवाल्यापासून सुरू करू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. आयएमएसएलपी या फुकट नोटेशनच्या साइटवर एकेका पीसच्या कितीतरी जुन्या आवृत्त्या स्कॅन करून ठेवल्यात. आपण त्यातली कुठली उतरवतो, तर जिच्यावर बोटांचे आकडे (कुठली नोट कुठल्या बोटाने) आहेत आणि जी 'भरलेली' दिसते ती. माझ्या हाती अशीच चेर्नीची आली. चेर्नी म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे, बेथोवनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू, त्याला नावं ठेवणारा मी कोण. पण त्याने बाखच्या नोट्सवर टेम्पो (लय) लिहिला, मेट्रोनोमचा (ठोके देणाऱ्या यंत्राचा) आकडा घातला, कुठे हळू कुठे जोरात ते लिहिलं, स्लर (नोट्स जोडून वाजवायच्या कमानी) ओढले. आता मेट्रोनोमचं पेटंटच १८१५ चं आणि बाख गेला १७५० साली, म्हणजे तो आकडा त्याचा नाही हे कळतं तरी. स्लरचं काय? क्रेशेंडोचं (आवाज वाढवत नेण्याच्या खुणेचं) काय? सगळं एकाच काळ्या शाईत, एकाच जाडीत, बाख कुठे संपला आणि चेर्नी कुठे सुरू झाला हे कळायला मार्गच नाही.

आणि माझ्यापुरता निर्णय इथेच झाला खरं तर. दर क्लासला टीचर विचारणार, 'इथे लेगाटो का?' (म्हणजे नोट्स जोडून का), मी कागदाकडे बोट दाखवणार, टीचर पेन्सिलने स्लर खोडणार, की पुढच्या ओळीत परत तेच. बरं, त्या खोडतात म्हणून तो स्लर चुकीचाच असतो असंही नाही, कधी म्हणायच्या 'हा राहू दे, छान आहे', मग अजूनच गोंधळ. एखाद्याने बंदिशीच्या स्वरलिपीत स्वतःच्या ताना घुसवून सगळंच मूळ बंदिश म्हणून छापावं, तसला प्रकार. ताना चांगल्या असतीलही हो, पण कुणाच्या ते सांगा की.

तिथेच बाखच्या १७२३ च्या हस्तलिखिताचा स्कॅनही बघायला मिळतो, अक्षर बघून हरखून जायला होतं, जरूर बघा. पण त्यावरून वाजवायचा विचार सोडा, उजव्या हाताला सोप्रानो क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी खूण) आहे, आपल्याला सवय ट्रेबलची, दोन बारमध्ये (मात्रांच्या दोन गटांत) डोकं गरगरतं. सुट्या प्रिंटआउटचं तर बोलायलाच नको. पंखा लावला की पानं उडतात आणि मे महिन्यात पंखा बंद करून रियाज कोण करणार. स्पायरल बाइंडिंग करून घेतलं की तो प्रश्न मिटतो, पण जुनी पुस्तकं ए-फोरपेक्षा मोठ्या कागदावरची असतात, प्रिंट काढली की नोट्स बारीक होतात ते होतातच.

हेन्ले. म्युनिकची कंपनी, १९४८ पासूनची, निळसर राखाडी कव्हर, स्टँडवर ठेवलं की घरात कोणीतरी सीरियस माणूस राहतो असं वाटतं. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कागदावरून नुसता हात फिरवत होतो. आत बाख आणि फक्त बाख, वर संपादकाकडून बोटांचे आकडे (ज्यांना तेही नकोत त्यांच्यासाठी बाखची बरीच पुस्तकं त्यांनी बिनआकड्यांचीही काढलीत). पहिल्या सी मेजर इन्व्हेन्शनची बाखनेच नंतर बदललेली ट्रिप्लेटवाली (तीन-तीन नोट्सच्या गटांची) आवृत्तीसुद्धा मिळते. स्लरची कटकट संपली! पण महाग आहे, आणि दुसरं म्हणजे अलंकाराच्या (नोटेच्या सजावटीच्या) खुणा जशाच्या तशा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. चार नंबरच्या डी मायनरमध्ये ट्रिल (शेजारच्या दोन नोट्स भराभर आलटूनपालटून) आधी उजव्या हाताला येते आणि पुढे डाव्या हाताला बारच्या बार चालूच राहते. ती वरच्या नोटवरून सुरू करायची का, किती वेळा हलवायची, थांबायचं कुठे, हे ज्याला माहितीये किंवा ज्याचे टीचर दर आठवड्याला शेजारी बसतात त्याला काही अडचण नाही. एकटा शिकणारा मात्र तिथे अडकतो.

आल्फ्रेडमध्ये पामरनी साधी युक्ती केलीय. बाखचं ते गडद छापायचं आणि स्वतःच्या सूचना फिक्या करड्या शाईत. बस. अलंकार कसा वाजवायचा तेही तिथल्या तिथे फिक्यात उलगडून दिलेलं, आणि त्यामागे बाखने १७२० मध्ये आपल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी केलेल्या वहीतला तक्ता आहे, म्हणजे मनाचे श्लोक नाहीत. पटलं तर घ्या, नाही पटलं तर करडं सोडून काळं वाजवा. टीचरनी 'इथे लेगाटो का' विचारलं तर आता मला निदान सांगता येतं की हे बाखचं नाही, पामरचं आहे, आणि मग आम्ही दोघं पामरशी भांडतो.

पान थोडं गर्दीचं दिसतं हे मान्य. माझ्या ओळखीतले एक-दोन जण तर 'शिकाऊ पुस्तक' म्हणून नाक मुरडतात. पण इन्व्हेन्शन्स शिकाऊंसाठीच होत्या ना, बाखने स्वतः मुखपृष्ठावर लिहिलंय की शिकणाऱ्यांनी दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिकावं आणि गाण्यासारखं वाजवायला शिकावं. आणि किमतीत बराच फरक पडतो, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

टॅबलेटवाल्यांना फार काही सांगता येणार नाही, मी थोडे दिवस वापरला, वाचायला चांगला, पेन्सिलने खरडायला मजा येत नाही. परीक्षेसाठी म्हणाल तर एबीआरएसएमला (ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाला) साधारणपणे कुठलीही आवृत्ती चालते, तरी टीचरना विचारून घ्या, सुट्या झेरॉक्सवर मात्र जाऊ नका.

तर पुढे कॉन्सर्टला वाजवायचं असेल, शिकवणारं माणूस भक्कम असेल आणि पैशाचं फार मोजायचं नसेल तर हेन्ले घ्या, आयुष्यभर टिकेल, मीही कधीतरी घेणार आहे बहुतेक. पण आज विचाराल तर माझ्या स्टँडवर आल्फ्रेडच आहे. घेताना एवढंच बघा की पंधरा इन्व्हेन्शन्सचं पातळ पुस्तक वेगळं मिळतं आणि सिन्फोनिया धरून तीसचं जाड वेगळं. तीन आवाजी सिन्फोनियांपर्यंत पोचायला वेळ आहे, पातळ घेतलं तरी चालतं, आणि ते स्टँडवर उघडं पण नीट राहतं.