मेपलच्या रसाची टाकी: टँक निपल की रबरी ग्रोमेट?

मेपलच्या खोडातून ठिबकणारा गोड रस जमवून, आटवून सिरप करायचं असतं. बादल्यांना कंटाळून झाडांना नळ्या जोडल्या की पुढचा प्रश्न टाकीचा. टाकी मिळाली की प्रश्न उरतो एका भोकाचा. रस उताराने येऊन साठेल, पण तो चुलीपर्यंत न्यायचा कसा? इथे कॅनडात, ओटावातल्या एका मित्राने यंदा निळा ड्रम आणून गॅरेजमध्ये उभा केलाय आणि त्याला नेमकं इथेच अडलंय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण दोन्ही प्रकार मी करून बसलोय.

आमचं घर ओटावाच्या पश्चिमेला, लानार्क काउंटीत. मागच्या रानात 40 टॅप, म्हणजे रसासाठी झाडांत ठोकलेल्या तोट्या. रात्री गोठलं आणि दुपारी पाच-सहा अंशांवर गेलं, की चांगल्या दिवशी दीडशे-दोनशे लिटर रस येतो. उकळायला वेळ मिळतो तो शनिवार-रविवारी. तोवर रस 205 लिटरच्या ड्रममध्ये, सावलीत, बाहेरून बर्फ रचून. मोठी टाकी किंवा स्टीलची टाकी असलेल्यांनी पुढचं सगळं जरा पारखूनच घ्यावं. आणि तुमच्याकडे पिंजऱ्यातली 1000 लिटरची टाकी असेल, तर तिला खाली तिचा स्वतःचा व्हॉल्व्ह असतोच. तिला भोक पाडूच नका.

टँक निपल सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीला प्लंबर लावतो तेच. इथे दुकानात बल्कहेड फिटिंग म्हणून मागायचं. आतून चकती आणि वायसर, बाहेरून नट, आणि दोघांच्या मध्ये टाकीची भिंत आवळलेली. ग्रोमेट म्हणजे जाड रबराचं कडं. ते भोकात दाबून बसवायचं आणि त्यातून साबण लावलेला पाइप रेटायचा. पाइप आत जाताना रबर फुगतं आणि भोकाच्या कडेला घट्ट बसतं. नट नाही, आटे नाहीत, टेफ्लॉन टेपही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा प्रकार सायकलच्या दुकानातला जुगाड वाटला होता. किमतीवरून ठरवण्यासारखं दोघांत काही नाही.

जुगाडावर भरवसा बसेना, म्हणून पहिल्या वर्षी निपल लावला. हात आत जायला हवा म्हणून ड्रमचं वरचं झाकण करवतीने कापून काढलं. ऑक्टोबरात गॅरेजमध्ये पाणी भरून दोन दिवस ठेवलं, एक थेंब नाही. खूश झालो.

मार्चमध्ये एका सकाळी पाहतो तर नटाखाली बोटभर बर्फाची शेंग लटकलेली आणि ड्रमखालचं जुनं बर्फ काचेसारखं गुळगुळीत. रात्री उणे 14 होतं. निपलची चकती सपाट, ड्रमची भिंत गोल. उन्हाळ्यात वायसर ती तूट भरून काढतं. थंडीत रबर कडक होतं, प्लॅस्टिक आक्रसतं, आणि दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. निदान माझं निदान असं. सपाट भिंतीच्या टाकीत हे झालंच नसतं, असं एखादा जाणता प्लंबर म्हणेल आणि कदाचित त्याचं बरोबरही असेल.

फट पडली तर नट आवळायचा, एवढंच ना? मीही पाना घेऊन गेलो. नट फिरवला तर अख्खा निपलच फिरायला लागला, कारण आतली चकती धरायला कुणी नाही. चकती रसाच्या तळाशी, आणि वर दीडशे लिटर एका अंशाचा रस. बायकोने बाहेरून पाना धरला, मी जॅकेट काढून खांद्यापर्यंत हात ड्रममध्ये घातला. मिनिटभरात बोटं कुठे आहेत ते कळेना. ‘‘आवळ,’’ मी म्हणालो. तिने आवळला. थेंबाची धार झाली. ‘‘अजून आवळ!’’ अजून मोठी धार. आमच्या निपलचा नट उलट्या आट्यांचा होता. पाइप आत फिरवताना नट सैल होऊ नये म्हणून बरेच निपल तसे बनवतात. शोध चांगला आहे, पण तो आम्हाला त्या क्षणी लागला. मग कुकर, डबे, सहलीचा कूलर, मुलांचं आंघोळीचं टब, घरात जे सापडेल त्यात रस उपसला. साधारण 20 लिटर जमिनीत गेला. चाळीसाला एक या हिशोबाने अर्धा लिटर सिरप. नुकसान फार नाही, पण गळणारी गोष्ट टाकी रिकामी केल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही, हे काही माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या वर्षी नवा ड्रम, वरून बंद, नुसत्या दोन बुचांचा. आत हात घालायचा प्रश्नच नाही, आणि ग्रोमेटला तो घालावा लागतही नाही. सगळं काम बाहेरून. 1 इंची पाइपच्या ग्रोमेटला पावणेदोन इंची होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लागतो, आणि मापाशी तडजोड चालत नाही. भोक पाडल्यावर कडेला जे प्लॅस्टिकचे कुसळ राहतात ते ब्लेडने आणि मग बोटाने नीट काढा. माझ्या मते ग्रोमेट गळतो तो नव्वद टक्के वेळा इथेच. पाइपचं टोक किंचित घासून निमुळतं करा आणि हे काम थंडीत अंगणात करू नका. गार रबर ऐकत नाही. मी ग्रोमेट कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला, भांड्याचा साबण लावला आणि ड्रमला गुडघा टेकून पाइप रेटला. ‘फस्स’ करून आत गेला. त्यानंतर तीन हंगाम झाले, तो कोरडा आहे.

ग्रोमेटच्याही खोडी आहेत, लपवत नाही. त्यातला पाइप निपलसारखा ठाम उभा राहत नाही, हलतो. त्यावर जड व्हॉल्व्ह लटकवला तर नाक खाली पडतं आणि वरच्या कडेने पाझर सुटू शकतो, म्हणून पाइपखाली विटेचा टेकू हवा. एकदा गोठलेला होज मी रागाने ओढला आणि पाइप दोन बोटं बाहेर आला. पुन्हा ढकलला, बसला. निपल असता तर होज तुटला असता, एवढं समाधान करून घेतलं. पुढे कडक पाइपलाइन जोडायची असेल, पंप कायमचा बसवायचा असेल आणि टाकीची भिंत सपाट असेल, तर निपल घ्या. मी वाद घालणार नाही.

काहीही निवडलं तरी व्हॉल्व्हचं दुखणं तेच. बंद बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यात घोटभर रस अडकतो, रात्री गोठतो आणि प्लॅस्टिकचं अंग तडकवतो. टाकी भरलेली असेल तर त्यातला रस सहजासहजी पूर्ण गोठत नाही, वर थर येतो तेवढाच. तो थर खुशाल फेकून द्या, साखर बहुतेक खालीच राहते. पण व्हॉल्व्ह बाहेर, उघड्यावर. दोन तडकल्यावर मी तो काढूनच टाकला. आता पाइपला नरम होज जोडलाय आणि त्याचं टोक ड्रमच्या माथ्यावर, रसाच्या पातळीच्या वर, हुकाला अडकवलेलं असतं. रस हवा असला की हुक काढून होज खाली सोडायचा. होजमधला रस गोठला तर काखेत धरून वाकवला की सुटतो. हा उपाय निपललाही चालतो, पण मला तो ग्रोमेटच्या हलत्या पाइपवर जास्त शोभून दिसतो. मत आहे, मोजमाप नाही.

तळाशी दोन बोटं रस दोन्हीकडे राहतोच. ड्रमच्या मागच्या बाजूला फळी सरकवली की तो पुढे कलतो आणि बहुतेक निघून येतो. हे आळसाने टाळू नका. एप्रिलच्या उबेत तो उरलेला रस नीरेसारखा वागतो. सकाळी गोड, दोन दिवसांत गढूळ, आणि मग त्यावर आलेला नवा रसही बिघडतो. काहिलीत तो काळपट पडतो आणि चव कळतेच. सफेदा, धागा, एम-सील हे आपले जुने दोस्त मात्र घरीच ठेवा, जुनं पितळही नको. सगळं आटून चाळीसावा हिस्सा होणार आहे आणि मुलं ते पॅनकेकवर ओतून खाणार आहेत. पाइप आणि रबर पिण्याच्या पाण्याचा शिक्का असलेलंच घ्या.

आणखी एक गोष्ट मित्राला शेवटी सांगितली. आमच्या निपलला सव्वादोन इंची भोक लागलं होतं. म्हणजे ग्रोमेट नाही पटला तर तेच भोक मोठं करून निपल लावता येतो. उलटं जमत नाही, एकदा मोठं झालेलं भोक लहान होत नाही. तो ‘‘बघतो, विचार करतो’’ म्हणाला. परवा पुन्हा फोन आला, होल सॉच्या दुकानातून, कुठल्या मापाचा घेऊ म्हणून. मी पावणेदोन सांगितला.