पहिल्या दिवसाचा हिंदी कल्ला की मंगळवारचा निवांत इंग्रजी खेळ?

अमळनेर, पारोळा, धरणगाव, एरंडोल अशा गावांतून जळगावला जाऊन सुपरहिरोंचे किंवा विज्ञानकथांचे मोठे चित्रपट पाहणाऱ्यांपुढे दरवेळी एकच पेच उभा राहतो. पहिल्याच दिवशी हिंदी डबचे तिकीट काढून चाहत्यांच्या गर्दीत शिरावे, की चार दिवस दम धरून मंगळवारी दुपारचा इंग्रजी खेळ गाठावा? मी गेली सात-आठ वर्षे दोन्ही प्रकार आलटून पालटून केले आहेत आणि एकदा तर एकच चित्रपट एकाच आठवड्यात दोन्ही रीतींनी पाहिला आहे. पडदा केवढा, आवाज कसा, थ्रीडी घ्यावे की साधे, हे सगळे आपल्याला ठाऊक आहेच असे धरून चालतो. मला बोलायचे आहे ते पडद्यासमोर बसलेल्या माणसांबद्दल, कारण या जातीच्या चित्रपटांत आपण तिकिटाचे निम्मे पैसे त्यांच्यासाठीच मोजतो, अशी माझी समजूत आहे.

दोनदा पाहिलेला तो चित्रपट म्हणजे ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’. तो आपल्याकडे १६ डिसेंबर २०२१ रोजी, अमेरिकेच्या एक दिवस आधी, गुरुवारी लागला. करोनामुळे त्या वेळी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना निम्म्याच आसनांची परवानगी होती, म्हणजे एक खुर्ची भरलेली आणि शेजारची रिकामी. तरीही हिंदी खेळाला जो आवाज झाला तो भरल्या जत्रेला शोभेल असा होता. मुखपट्टीतून शिट्टी वाजत नाही, हे त्या दिवशी पोरांच्या लक्षात आले आणि शिट्टीपुरती मुखपट्टी हनुवटीवर उतरू लागली. आधीच्या चित्रपटांतला स्पायडर-मॅन अँड्र्यू गारफील्ड जादूच्या गोल दारातून बाहेर आला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी “उना रे भो, उना!” अशी आरोळी ठोकली आणि अर्धे चित्रपटगृह उभे राहिले. त्याच्याही आधीचा स्पायडर-मॅन टोबी मॅग्वायर येईपर्यंत ते खाली बसलेच नाही. माझ्यामागे साठीचे एक गृहस्थ नातवाबरोबर आले होते. “हा कोण?” असे त्यांनी विचारताच नातवाच्या आधी शेजारच्या अनोळखी मुलाने दोन वाक्यांत सगळी वंशावळ सांगून टाकली. त्यानंतर ते गृहस्थही टाळ्या वाजवू लागले.

पुढच्या मंगळवारी तोच चित्रपट मी इंग्रजीत पाहिला. आम्ही नऊ जण होतो. तोच प्रसंग आला, गारफील्ड आला, मॅग्वायर आला आणि ऐकू आली ती फक्त कुणाच्या तरी पॉपकॉर्नच्या पिशवीची सळसळ. मी खोटे बोलणार नाही, त्या दिवशी मला दोघांचे संवाद पहिल्यांदा नीट ऐकू आले. तिघे स्पायडर-मॅन एकमेकांशी आपापल्या दुःखाविषयी बोलतात तो भाग हिंदी खेळात अर्धा शिट्ट्यांत आणि अर्धा डबिंगच्या चटपटीतपणात वाहून गेला होता. इंग्रजीत तो हळवा आहे, हे मला मंगळवारीच कळले. खाली सबटायटल असल्यामुळे उच्चारांची अडचणही फारशी जाणवली नाही.

मात्र त्याच चित्रपटात आणखी एक जागा आहे. खिडकीतून वीट आत येते आणि काळा चष्मा लावलेला एक वकील ती न पाहता हातात झेलतो. गुरुवारी त्या क्षणी सगळे गप्प होते, फक्त चार-पाच पोरे किंचाळली. माझा भाचा त्यांतला एक. त्या किंचाळण्यामुळेच मी वळून त्याच्याकडे पाहिले आणि तो डेअरडेव्हिल हा आंधळा सुपरहिरो आहे, त्याच्या मालिकेतला तोच नट आहे, हे मला कळले. मंगळवारी त्या विटेकडे कुणाचेच लक्ष गेले नाही. मीही आधी फक्त मंगळवारी गेलो असतो, तर तो वकील मला वकीलच वाटला असता. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या, कॉमिक्स न वाचलेल्या माणसाला या चित्रपटांत काय महत्त्वाचे आणि काय भरताड, हे चाहत्यांचा आवाजच सांगतो.

डबविषयी वेगळे लिहिण्याजोगे फार नाही. ‘डेडपूल २’च्या हिंदीत रणवीर सिंगचा आवाज होता आणि तो त्या पात्राला शोभलाही, पण गंभीर पात्रे हिंदीत बोलू लागली की कधीकधी मुंबईच्या नाक्यावरची वाटतात. मराठी डब आमच्या पडद्यांवर मी आजवर पाहिलेला नाही. मध्यंतराची कुऱ्हाड दोन्ही खेळांत सारखीच, भलत्याच ठिकाणी पडते. सेन्सॉरची कात्रीही सारखीच. २०२५च्या ‘सुपरमॅन’मधील चुंबनाचा प्रसंग आपल्याकडे आखूड झाला आणि चाहते त्यावर चिडले, पण ते दोन्ही भाषांत चिडले. मंगळवारी तिकीट बहुधा स्वस्त पडते. थ्रीडीचे चष्मे मात्र तोवर आणखी दोन-चार ओरखडे कमावून बसलेले असतात.

पहिल्या दिवसाचे दोष लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांत मोठा दोष म्हणजे मोबाइल. एखाद्या जुन्या पात्राची एन्ट्री होणार असा वास लागताच समोरच्या रांगेत पाच-सहा मोबाइल वर जातात आणि आपल्याला एका मोठ्या पडद्याऐवजी सहा छोटे पडदे पाहावे लागतात. हे सगळे स्टेटससाठी. उत्साहाला कुठे थांबायचे ते कळत नाही, ही तक्रारही खरी आहे. शेजारच्या मालेगावात २०२३च्या दिवाळीत ‘टायगर ३’च्या खेळाला चाहत्यांनी चित्रपटगृहातच फटाके फोडले होते आणि खुद्द सलमान खानला असे करू नका म्हणून सांगावे लागले होते. तो चित्रपट सुपरहिरोंचा नाही, तरी ज्याला लहान मूल घेऊन जायचे आहे त्याने हे लक्षात ठेवलेले बरे. मी स्वतः जळगावात याहून वाईट काही पाहिलेले नाही, कागदाचे तुकडे उधळण्यापलीकडे मजल गेल्याचे आठवत नाही.

पण त्याच स्टेटसमुळे मंगळवारची पंचाईतही होते. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ला लागला, तेव्हा शेवट फोडू नका असे पत्र दिग्दर्शक रूसो बंधूंनी चाहत्यांना आधीच लिहिले होते. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ते पोहोचले नसावे. शनिवारी रात्री कोण मरतो ते सचित्र आले, तेही अशा एका मेहुण्याकडून ज्याने या मालिकेतले आधीचे एकवीस चित्रपट पाहिलेले नव्हते. मी आदल्या दिवशीच पाहून आलो होतो म्हणून वाचलो. चार दिवस थांबायचे तर चार दिवस मोबाइल बंद ठेवावा लागेल, आणि ते आता कुणाच्याच हातात राहिलेले नाही.

विज्ञानकथांचे गणित थोडे निराळे आहे. ‘ड्यून: पार्ट टू’ १ मार्च २०२४ला लागला, तेव्हा मी सवयीने पहिल्याच दिवशी गेलो आणि तिथे मंगळवारइतकीच माणसे होती. त्या चित्रपटात टाळ्या घेण्यासाठी थांबलेले क्षण जवळपास नाहीत, वाळू आहे, कुजबुज आहे आणि हान्स झिमरचे संगीत आहे. अशा चित्रपटाला निवांत इंग्रजी खेळच बरा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ‘अवतार’च्या भागांचेही साधारण तसेच. तिथे लोक शिट्टी वाजवत नाहीत, फक्त पाण्याखालचे काही दिसले की एकदम सुस्कारा सोडतात.

पण ‘कल्कि २८९८ एडी’ने हे वर्गीकरण मोडून टाकले. २७ जून २०२४ला, पहिल्याच दिवशी, मी कामानिमित्त नंदुरबारला होतो आणि संध्याकाळ मोकळी म्हणून आत शिरलो. मूळ चित्रपट तेलुगू, त्यामुळे इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. प्रभासला ठरलेल्या शिट्ट्या मिळाल्या. अमिताभ बच्चन अश्वत्थामा होऊन पडद्यावर आले तेव्हा मात्र आवाजाची जातच बदलली. सातपुड्यात धडगावच्या बाजूला अस्तंब्याचा डोंगर आहे, तिथे अश्वत्थाम्याचे ठाणे मानतात आणि दिवाळीत हजारो माणसे तो उभा डोंगर चढून जातात. कपाळाच्या भळभळत्या जखमेसाठी तो आजही वाटसरूंकडे तेल मागतो, ही गोष्ट त्या भागात आजीकडून ऐकलेली असते. कपाळावर पट्टी बांधलेला तो प्रचंड म्हातारा दिसला आणि माझ्या बाजूच्या दोन मुलांनी नकळत हात जोडले. एकाने दुसऱ्याला हळूच सांगितले, “आपला अस्तंबा ऋषी.” पुढे तो मारामारी करू लागला तेव्हा शिट्ट्या आल्याच, पण त्या ओळखीच्या माणसाला द्याव्यात तशा. तोच चित्रपट मी चार दिवसांनी रिकाम्या खुर्च्यांमध्ये पाहिला असता, तर भविष्यातल्या त्या काशीची आतषबाजी तेवढी पाहून घरी आलो असतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निकाल लावला तिच्याकडे येतो. ती पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. या चित्रपटांत कथा संपल्यावर नामावली सुरू होते आणि नामावलीच्या मध्ये किंवा शेवटी पुढच्या चित्रपटाचा धागा सोडणारा एक छोटा प्रसंग असतो. २००८च्या ‘आयर्न मॅन’पासून ही रीत रुळली. चाहत्यांच्या दृष्टीने तो प्रसंग म्हणजे जेवणानंतरचे पान, आणि आमच्याकडे तेच वाढपी पळवून नेतात.

जुलै २०२५मध्ये ‘द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’चा मंगळवारचा इंग्रजी खेळ मी मुद्दाम निवडला. आम्ही सहा जण होतो. चित्रपट मला आवडला, शांततेत पाहायला मिळाला म्हणून जास्तच आवडला. शेवट झाला, नामावली सुरू झाली, आणि पहिली तीन-चार नावे येतात न येतात तोच भक्कन दिवे लागले, पडदा काळा झाला, दार उघडले आणि झाडू घेतलेली बाई आत आली. मी खुर्ची सोडली नाही. डोअरकीपर अदबीने म्हणाला, “संपला साहेब.” मी म्हटले, “अजून आहे हो, नावांच्या मध्ये एक सीन आहे.” त्याने माझ्याकडे अशा काही सहानुभूतीने पाहिले की मलाच ओशाळल्यासारखे झाले. “साहेब, नावं वाचायला कोण थांबतं?” बाकीचे पाच जण तोवर जिन्यात पोहोचले होते. त्या नामावलीत डॉक्टर डूम पहिल्यांदा दिसतो, नायकाच्या लहानग्या मुलासमोर, फ्रँकलिनसमोर, बसलेला, हे मला परतीच्या गाडीत भाच्याने फोनवर सांगितले. पूर्ण तिकीट काढून पुढच्या महाखलनायकाची पहिली भेट मी धरणगाव स्टेशनच्या अलीकडे, फोनवर, तुटक तुटक रेंजमध्ये घेतली.

हे एकदाच घडले असते तर सोडून दिले असते. माझ्या आठवणीप्रमाणे निवांत खेळांत हे तीनदा झाले आहे आणि दोन वेगवेगळ्या चित्रपटगृहांत झाले आहे. त्यात चित्रपटगृहाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणणार नाही. सहा माणसांसाठी एसी आणि पडदा आणखी दहा मिनिटे का चालवावा, पुढच्या खेळाची झाडलोट केव्हा करावी, हा त्यांचा हिशेब असतो. इतर चित्रपटांना नामावली लागताच लोक स्वतःच उठतात, त्यामुळे हातालाही तीच सवय लागलेली असते.

पहिल्या दिवशी हाच प्रयत्न होतो, पण तडीस जात नाही. ‘नो वे होम’च्या त्या गुरुवारीही नामावली लागताच दिवे लागले होते. मी सवयीने उठू लागलो तर भाच्याने बाही ओढली, “मामा, बसा, अजून आहे.” आणि मग शे-दीडशे पोरांनी मागच्या काचेकडे तोंड करून एकच ओरडा केला, “ओ, चालू ठेवा! बत्ती बंद!” पाच-सात सेकंदांत दिवे पुन्हा विझले. दाराशी उभा असलेला डोअरकीपरही हसत भिंतीला टेकला आणि त्याने शेवटपर्यंत पाहिले. एरवी ज्या गोंगाटाला मी नाक मुरडतो, त्याच गोंगाटाने माझ्या तिकिटाचा शेवटचा तुकडा मला मिळवून दिला. एकट्या माणसाच्या विनंतीला तेवढे वजन नसते, हे मी त्या मंगळवारी अजमावून पाहिले आहे.

‘एंडगेम’ची गंमत आणखी वेगळी. त्याच्या शेवटी असा प्रसंगच नाही. बाहेर खानदेशी एप्रिल तापलेला, चित्रपट तीन तास एक मिनिटाचा, तरी सगळे बसून राहिले. नामावली संपता संपता लोखंडावर हातोडा पडल्याचा ठणठण आवाज तेवढा आला आणि पडदा विझला. एवढ्यासाठी थांबलो का, असे मी म्हणेपर्यंत मागून कुणीतरी सांगितले की ‘आयर्न मॅन’ या पहिल्या चित्रपटात गुहेत चिलखत घडवतानाचा तो आवाज आहे. ते कळले आणि मगाशी गेलेल्या टोनी स्टार्कची, म्हणजे आयर्न मॅनची, पुन्हा आठवण होऊन दोन-तीन पोरांनी डोळे पुसले. मंगळवारी त्या ठणठणाटाला साक्षीदारच उरला नसता.

तेव्हा ज्यांना संवाद महत्त्वाचे, ज्यांना गोंगाटाने डोके दुखते किंवा ज्यांचा चित्रपट ‘ड्यून’च्या जातीचा आहे, त्यांनी खुशाल मंगळवार धरावा, फक्त आत शिरतानाच डोअरकीपरला शेवटच्या प्रसंगाविषयी सांगून ठेवावे, कधी उपयोग होतोही. मी स्वतः ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’साठी भाच्याला आताच सांगून ठेवले आहे. १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे आणि तो शुक्रवार आहे. खुर्च्या मधल्या रांगेतल्या घ्यायच्या, म्हणजे पुढचे मोबाइल डोळ्यांच्या खाली राहतात आणि मागची आरोळी डोक्यावरून जाते, आणि परतीची गाडी नामावली धरून अर्धा तास उशिराची पाहायची.