रेंगाळलेला खोकला: चिनी बाटली, सिनसे की डॉक्टर?

सिंगापूरला राहणाऱ्या मराठी घरांतही हा प्रश्न येतोच. सर्दी-ताप आठवड्यात जातो, खोकला मात्र मुक्काम ठोकून बसतो. ऑफिसातला कुणी चिनी सहकारी पेई पा कोआ हे बाटलीतलं चिनी खोकल्याचं औषध घ्यायला सांगतो, कुणी सिनसेकडे, म्हणजे चिनी वैद्याकडे पाठवतो, आणि गावाकडून आई फोनवर विचारते, "अगं, डॉक्टरला दाखवलंस का?"

निवड करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. विषाणूंमुळे झालेल्या सर्दीनंतरचा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. त्यामुळे शेवटी जे औषध घेतलं त्यालाच श्रेय मिळतं, मग ते चिनी असो, आपला अडुळसा असो की इंग्रजी सिरप.

बाटली

पेई पा कोआ म्हणजे लोकाट या फळझाडाची पानं, चुआनबेई नावाचा डोंगरी कंद आणि इतर वनस्पती मधसाखरेत शिजवून केलेला, काकवीसारखा दाट पाक. कोरडा, घशात खवखव करणारा, रात्री झोपू न देणारा खोकला असेल तर घशाला खरंच आराम पडतो. छातीत कफ भरलेला असेल तर मात्र ही बाटली चिनी वैद्यसुद्धा सहसा सुचवत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबाने हे ओलावा देणारं औषध आहे. मधुमेह असेल तर त्यातली साखर विसरू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध असलेलं काहीही नको.

सिनसे

इथे औषध खोकल्याला नाही, खोकणाऱ्याला दिलं जातं. जीभ बघतात, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहतात, कफ पांढरा की पिवळा, तहान लागते का, जेवणानंतर उबळ वाढते का, असं बारकाईने विचारतात. कोरड्या खोकल्याला माइ मेन दोंग काढा देतात. त्यात ज्येष्ठमध आणि तांदूळही असतो. जपानमध्ये हाच काढा बाकुमोंदोतो नावाने डॉक्टर लिहून देतात. ओल्या खोकल्याला वाळवलेल्या संत्रासालीचा एर चेन काढा. हल्ली मातीच्या भांड्यात उकळत बसावं लागत नाही, गरम पाण्यात ढवळायच्या पुड्या मिळतात.

पुरावा किती? प्रयोग झालेत, पण बरेचसे छोटे, म्हणून खात्रीने गुण येईल असं मी म्हणणार नाही. मात्र सुरक्षिततेबाबत मी आग्रही आहे. मा दोउ लिंग हे खोकल्याचंच जुनं चिनी औषध, पण त्यातल्या अरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि कर्करोगही होतो. चीनने २०२० च्या अधिकृत औषधसंहितेतून ते काढून टाकलं. कुणी प्रवासातून आणलेली बिननावाची पावडर म्हणूनच घेऊ नका. सिंगापूरला चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते, ती तपासा.

डॉक्टर

ज्येष्ठ मंडळींसाठी ही वाट पहिली. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर कोरडा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. तो काढ्याने जात नाही, गोळी बदलल्यावर साधारण महिन्याभरात जातो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. त्यात भर म्हणजे काढ्यातला ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. म्हणजे दुहेरी नुकसान.

दमा, नाकातून घशात उतरणारा स्राव, पोटातलं आम्ल वर येणं, ही कारणंही डॉक्टरच शोधतील. गंमत म्हणजे खोकला फक्त फुप्फुसांचा नसतो, बाकीचे अवयवही तो आणतात, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथातही लिहिलेलं आहे.

माझा कौल

दोन आठवड्यांवर खोकला आणि सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, थुंकीत रक्त किंवा धाप यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. भारतात असाल तर दोन आठवड्यांच्या खोकल्याला, दुसरं काही लक्षण नसलं तरी, क्षयासाठी थुंकीची तपासणी करतात आणि ती सरकारी केंद्रात मोफत होते. एक्स-रे स्वच्छ आला, बीपीच्या गोळीचा संबंध नाही आणि तरी कोरडी उबळ जात नसेल, तर दोन आठवडे सिनसेचं औषध घेऊन बघायला माझी हरकत नाही. जाताना चालू औषधांची पाकिटं बरोबर न्या, विशेषतः रक्त पातळ करणारी, आणि पुड्यांवर घटकांची नावं लिहून मागा.