साच्यातली जुनी काच: अमेरिकन घ्यावी की ब्रिटिश?

साच्यात दाबून घडवलेल्या जुन्या काचेचा संग्रह सुरू करताना निकाल नुसत्या देखणेपणावर लावायचा असेल, तर अमेरिकन काच घ्यावी. बॉस्टन अँड सँडविच कारखान्याच्या १८३०च्या दशकातल्या बारीक ठिपक्यांच्या बश्या हातातून खाली ठेववत नाहीत. त्या काचेत शिसं असायचं, म्हणून टिचकी मारली की घुमते. १८६४मध्ये अमेरिकेतल्याच व्हीलिंग शहरातल्या विल्यम लेटन या काचवाल्याने सोडा-चुन्याची स्वस्त काच जमवली आणि हळूहळू बहुतेकांनी शिसं सोडलं. टिचकीवरून काळाचा अंदाज येतो, पण अंदाजच. भांड्याच्या आकारानेही आवाज बदलतो.

माझं घोडं अडलं ते पुढे. या भांड्यांवर बहुधा कारखान्याचा छापच नसतो. ओळखायचं नक्षीवरून, तर तिची नावं बरीचशी संग्राहकांनी मागाहून ठेवलेली, एकाच नक्षीला दोन-तीनसुद्धा. त्यात १८९१मध्ये बरेच कारखाने युनायटेड स्टेट्स ग्लास कंपनीत गेले, त्यांच्याबरोबर साचेही. 'डेझी अँड बटन' ही नक्षी तर विसाव्या शतकातही निघत राहिली. बुडावरचे ओरखडे भिंगातून कितीही न्याहाळा, शेवटी विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावं लागतं. मला ते जमत नाही. तुम्हाला कदाचित जमेल.

ब्रिटिश काचेवरही दरवेळी छाप सापडतो असं नाही. पण सापडला की काम सोपं. १८४२ ते १८८३पर्यंतचा नक्षीच्या नोंदणीचा छाप शंकरपाळ्याच्या आकाराचा, डोक्यावरच्या वर्तुळात रोमन तीन, म्हणजे काच. वरच्या कोपऱ्यात वर्षाचं अक्षर असेल तर नोंदणी १८६७पर्यंतची. तिथे आकडा आणि वर्षाचं अक्षर उजवीकडे असेल तर १८६८नंतरची. उदाहरणार्थ, हे अक्षर 'एक्स' असून वर असेल तर १८४२, उजवीकडे असेल तर १८६८. अक्षरं क्रमाने लावलेली नाहीत, त्यामुळे तक्ता जवळ हवाच. १८८४पासून सरळ 'आरडी' म्हणजे नोंदणी क्रमांक. शिवाय इंग्लंडातल्या गेट्सहेडच्या सॉवर्बी कारखान्याची खूण, मोराचं डोकं, १८७६पासूनची. छाप पुसट असेल तर खडूची पूड चोळून पाहा.

तारीख नक्षीच्या नोंदणीची असते, भांड्याच्या जन्माची नव्हे, हे खरं. पण भांडं त्याआधीचं नाही, एवढं तरी हाती लागतं. पैसे मोकळे असतील तर सँडविचची एखादी बशी जरूर घ्या. पहिली खरेदी मात्र मी छापाच्या भांड्याचीच सुचवेन, मग कडेचा टवका उडालेला असला तरी चालेल.